दुधाचे दात उशिरा पडत असतील तर काय पाहावे

मूल सात वर्षांचे झाले तरी एकही दात हलत नाही, म्हणून पालक धास्तावतात. पण वय मोजण्याआधी त्याला पहिला दात केव्हा आला होता ते आठवावे. साधारणपणे खालचे मधले पटाशीचे दात 6 ते 7 व्या वर्षी पडतात, सुळे आणि दाढा 9 ते 12 या वयात पडतात, आणि ज्या मुलाचा पहिला दातच वर्षाच्या सुमारास आला, त्याचे दात पडायलाही उशीर होणे स्वाभाविक असते.

वयापेक्षा जोडीकडे अधिक लक्ष द्यावे. एका बाजूचा दात पडून सहा महिने उलटले आणि दुसऱ्या बाजूचा तोच दात अजून घट्ट असेल, तर मुलाला दंतवैद्यांना दाखवावे. दुधाचा दात पडतो तो त्याच्या जागी येणाऱ्या कायमच्या दातामुळे त्याचे मूळ हळूहळू विरघळत गेल्याने. तो कायमचा दात मुळात तयारच झाला नसेल, त्याची वाट चुकली असेल किंवा एखादा जादा दात त्याच्या आड आला असेल, तर हे काम अडते. कधी दुधाच्या दाढेचे मूळ हाडालाच चिकटते. अशी दाढ शेजारच्या दातांच्या पातळीपेक्षा आत दबल्यासारखी दिसते. नेमके कारण मात्र एक्स-रेमध्येच कळते.

खालच्या दुधाच्या दातांमागे नवा दात डोकावताना दिसला, तर घाबरून दोरा बांधून जुना दात ओढू नये. जुना दात हलत असल्यास मुलाने तो जिभेने किंवा स्वच्छ बोटाने हलवत राहावे. तो घट्टच असेल किंवा दोन-तीन महिन्यांत पडला नाही, तर तपासणी करून घ्यावी. (सहाव्या वर्षाच्या सुमारास सर्वांत मागे येणारी दाढ कोणताही दात न पडता येते. तिला दुधाची समजून कीड लागू देणारे पालक कमी नाहीत.)

सगळेच दात बरेच उशिरा येत-पडत असतील आणि उंचीही वयाच्या मानाने कमी असेल, तर बालरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा, कारण थायरॉइडच्या कमतरतेतही असे घडते. एक्स-रेमध्ये कायमचा दात नसल्याचे दिसले, तरी दुधाचा दात लगेच काढण्याचा आग्रह धरू नये. त्याचे मूळ भक्कम असेल, तर तो पुढे अनेक वर्षे काम देऊ शकतो.