समुद्र नसला तरी बेळगावात जमतंय: शेवाळ आणि कार्बनचा प्रयोग

विज्ञान प्रदर्शनाला पोरं दरवर्षी तोच ज्वालामुखी करतात, यंदा पाण्यात कार्बन वाढला की पाण्यातल्या वनस्पतींचं आणि शिंपल्यांचं काय होतं, हे करून बघा. समुद्र आपल्याला चोर्ला घाट उतरून, पण हायड्रिला (पाण्याखाली वाढणारी वनस्पती, खरं शेवाळ नव्हे) मिळाली तरी बास, तळ्यात असते नाहीतर अ‍ॅक्वेरियमच्या दुकानात.

पाणी उकळून, झाकून गार करायचं म्हणजे त्यातला विरघळलेला वायू जातो. दोन काचेच्या बरण्या भरा, एकीत लिटरला पाव चमचा खायचा सोडा. दोन्हीत सारख्या लांबीची हायड्रिलाची काडी उलटी सोडायची, कापलेलं टोक वर, खाली दोऱ्यानं खडा बांधा नाहीतर तरंगत बसते. उन्हात दहा मिनिटं ठेवा आणि मग टोकातनं मिनिटाला किती बुडबुडे येतात ते मोजा. सोड्याच्या बरणीत जास्त यायला पाहिजेत, कारण तिथं प्रकाशसंश्लेषणाला कार्बन मिळतोय. बाटलीतलं सोडा वॉटर मात्र ओतू नका, त्याचेच बुडबुडे मोजत बसाल!

इथंच थांबलात तर परीक्षक विचारणार, मग कार्बन वाढला की चांगलंच की वो? म्हणून तिसरी वाटी. तिच्यात व्हिनेगर घ्या आणि तिसऱ्यांचं (खायच्या शिंपल्यांचं) कवच टाका, फसफसतंय म्हणजे चुना विरघळतोय. समुद्र काय व्हिनेगर होणार नाही, पण हवेतला कार्बन डायऑक्साइड कारखान्यांच्या युगाआधी 280 पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत 280 भाग) होता तो आता 420 च्या वर गेलाय, त्यातला साधारण पाव हिस्सा समुद्र पितो आणि वरच्या पाण्याचा पीएच 8.2 वरनं 8.1 वर आलाय (पीएच कमी होणं म्हणजे पाणी आम्लाकडे झुकणं).

चार्टवर इटलीचं इस्किया बेट काढा. तिथं समुद्राच्या तळातनं कार्बन डायऑक्साइड वायू आपोआप वर येतो, त्या जागी सागरी गवत दाट उगवलंय आणि अंगावर चुना धरणारं शेवाळ गायब! बाकी बऱ्याच शेवाळांना पाण्यातलं बायकार्बोनेट (विरघळलेल्या कार्बनचं एक रूप) आधीच वापरता येतं, त्यामुळं जादा वायूनं त्यांचं फार काही बदलत नाही.

आणि चार्टवर हेपण लिहा की खायच्या सोड्यानं पाण्याचा पीएच वाढतो, समुद्रात उलटं होतंय, म्हणजे पहिला प्रयोग फक्त कार्बनच्या खाण्यापुरता. परीक्षकांनी विचारायच्या आधीच सांगितलेलं बरं.

उरलेली हायड्रिला विहिरीत नाहीतर तळ्यात टाकू नका, एवढ्याशा तुकड्यातनं सगळं पाणी भरून टाकते. उन्हात वाळवा आणि खताच्या खड्ड्यात घाला.