गडचिरोलीचा दक्षिण टोक गाठायचाय? आधी रेल्वेचा नकाशा बघा

विदर्भ म्हटलं की आपण नागपूर गाठतो आणि तिथून पुढे बघू म्हणतो. जिल्ह्याच्या दक्षिण टोकाच्या सिरोंचासाठी तसं करू नका. गडचिरोली जिल्हा उत्तर-दक्षिण इतका लांब पसरलाय की उत्तरेचं वडसा आणि दक्षिणेचं सिरोंचा एकाच सहलीत कोंबणं म्हणजे निम्मा वेळ गाडीत घालवणं. सिरोंचाला तेलंगणातलं मंचेरियाल स्टेशन सोयीचं. सिरोंचाहून गोदावरीवरचा पूल ओलांडला की समोर तेलंगणातलं तीर्थक्षेत्र काळेश्वरम. सिरोंचाच्या बाजारात तेलुगू सर्रास ऐकू येते. भामरागड किंवा त्याच्याजवळचं, आमटे कुटुंबाच्या लोकबिरादरी प्रकल्पाचं हेमलकसा करायचं असेल तर मात्र बल्लारशाहला उतरा आणि आलापल्लीमार्गे जा.

पेट्रोल आलापल्लीतच भरून घ्या, रोख रक्कम जवळ ठेवा. पुढे मोबाईलला रेंज मिळेलच असं नाही, म्हणून मुक्कामाचं आधीच फोनवर पक्कं करा. मच्छरदाणी न्याच, हिवतापाचा भाग आहे. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, तेव्हा नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. आणि माडिया आदिवासींच्या पाड्यांवर न विचारता फोटो काढू नका, ती लोकांची घरं आहेत.