गोव्यात मायक्रोस्कोप रूम करताय? आधी ओलाव्याचं बघा

चवथीच्या सुट्टीनंतर रूम उघडली नि कुबट वास आला, तिथंच पोटात गोळा आला. वीज वाचवायला कोणीतरी एसी बंद करून गेलेलं. ४०एक्सचं ऑब्जेक्टिव्ह (नमुन्याजवळची ४० पट मोठं दाखवणारी लेन्स) काढून टॉर्चपुढे तिरकं धरलं तर काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे, बुरशी. ती काय त्या सुट्टीतच आलेली नव्हती, अख्खा पावसाळा आत वाढत होती, सुट्टीत फोफावली. पुसून धागे गेले पण काचेवरचं पातळ कोटिंग खाल्लं गेलं ते गेलंच.

म्हणून जे नवीन या कामात येतायत त्यांना सांगतो, आपल्याकडे खरा त्रास उकाड्याचा नाही, ओलाव्याचा आहे. आर्द्रता ४० ते ५५ टक्के ठेवा, ६५ च्या वर राहिली की बुरशीचं फावतं. आणि सगळ्यात कॉमन चूक म्हणजे जास्त टनाचा एसी, लोकांना वाटतं मोठा बरा, पण तो खोली पटकन गार करून कॉम्प्रेसर बंद करतो, पाणी काढायला वेळच मिळत नाही, उलट पंखा चालू राहिला तर कॉइलवरचं पाणी परत हवेत जातं. मग खोली गार पण चिकट. लोडचा, म्हणजे खोलीत किती उष्णता तयार होते त्याचा, हिशोब नीट करा, माणूस साधारण १०० वॅट उष्णता सोडतो, त्यात लेझर, लॅम्प, कॉम्प्युटर धरा, आणि हवेतला ओलावा काढणारा डिह्युमिडिफायर वेगळाच घ्या, दोन्ही चोवीस तास चालू, सुट्टीतही.

तापमान २२ च्या आसपास ठेवा पण आकड्यापेक्षा ते स्थिर राहणं महत्त्वाचं, एखाद डिग्री खालीवर झाली तरी लांबच्या टाइमलॅप्समध्ये (ठराविक वेळाने तासन्‌तास फोटो घेताना) फोकस सरकतो नि रात्रभराचं काम वाया. एसीचा झोत स्टेजवर, म्हणजे नमुना ठेवतो त्या पट्टीवर, नको. टिश्यूची बारीक पट्टी स्टेजजवळ चिकटवा, हलली तर झोत तिथं येतोय, एसीची पाती फिरवा.

दाराबाहेर छोटी मधली खोली हवीच, दोन दारांची. ओल्या छत्र्या, रेनकोट, चपला तिथंच. शेअर्ड रूममध्ये दिवसभर ये-जा असते, बाहेरची दमट हवा थेट गार काचेवर आली की दव धरतं, जुलैमध्ये बघाल तुम्ही.

आणि मशीन मागवायच्या आधी जून ते सप्टेंबर रिकाम्या खोलीत लॉगर (तापमान नि आर्द्रता आपोआप नोंदवणारं यंत्र) ठेवून रात्रीचे आकडे बघा, कारण दिवसा सगळं ठीकच दिसतं.