सॅन स्टॉर्मच्या वायरिंगला हात लावण्याआधी

गोव्यात बनलेली ही दोन सीटची गाडी आता ठाण्यात क्वचितच दिसते. ज्यांनी अजून सांभाळली आहे त्यांना डॅशबोर्डवरचं मीटर मधूनच बंद पडणं, इंडिकेटर दिला की हेडलाइट मंद होणं नवं नाही. वायरमनच्या दारात मात्र सगळं व्यवस्थित चालतं. म्हणून पाना उचलण्याआधी काही दिवस गाडीत वही ठेवा. इंजिन गार होतं की तापलेलं, पाऊस होता का, गाडी घोडबंदर रोडच्या खड्ड्यांतून जात होती की माजिवड्याच्या सिग्नलला उभी होती, वायपर-दिव्यांपैकी काय चालू होतं, हे लिहा. सर्वांत मोलाची नोंद म्हणजे सोबत आणखी काय बंद पडलं. दोन वस्तू एकदमच जात असतील तर त्यांचा फ्यूज, कपलर (वायरी जोडणारा प्लग) किंवा अर्थ (करंट बॅटरीच्या निगेटिव्हकडे परतण्याची वाट) बहुधा एकच असतो. वायरिंग डायग्रामची मोठी प्रिंट काढून ती सामाईक जागा रंगवून ठेवा.

बॅटरी आधी पूर्ण चार्ज करा. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास आणि इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ मिळायला हवेत. तसं नसेल तर पुढे जाऊच नका.

माझा पहिला संशय अर्थवरच असतो. पत्र्याच्या गाडीत करंट बॉडीतून परततो. स्टॉर्मची बॉडी फायबरची, तिच्यातून परतणार कसा? त्यामुळे दिव्यांना परतीची वायर वेगळी ओढावी लागते. तिचं टोक बोल्टखाली जातं तिथे नीट बघा. वरून थिंबल (वायरच्या टोकाची धातूची कडी) घट्ट असतं, पण वायरचं आवरण बोटभर सोललं की आतल्या तारा काळ्या पडलेल्या दिसतात. आपल्या खाडीकाठच्या दमट हवेत हे व्हायचंच. दिवे लावून बॅटरीच्या निगेटिव्हपासून दिव्याच्या अर्थपर्यंत व्होल्टेज मोजा. ०.२ च्या वर गेलं तर त्या वाटेत अडथळा आहे.

मल्टिमीटरसोबत २१ वॅटचा बल्ब होल्डरसकट घ्या. एकच तार शाबूत असलेली वायरसुद्धा मीटरवर १२ व्होल्ट दाखवते. बल्ब जोडला की तिचं पितळ उघडं पडतं. फ्यूज मधूनच उडत असेल तर मोठा फ्यूज टाकू नका, वायर पेटेल. त्या फ्यूजवरच्या वस्तूंचे कपलर सोडवा, स्विच चालू ठेवा, फ्यूजच्या जागी हा बल्ब लावा आणि लूम, म्हणजे वायरींची जुडी, हळूहळू हलवत जा. बल्ब लख्ख पेटला की जागा सापडली. आधीच्या मालकाने बसवलेल्या स्टिरिओ-अलार्मचे टेप गुंडाळलेले जोड सर्वांत आधी हलवून बघा.

हेअर ड्रायर आणि पाण्याची स्प्रे बाटलीही जवळ असू द्या. तापल्यावर येणारा फॉल्ट रिलेला (विजेवर चालणाऱ्या स्विचला) ऊब देऊन, पावसातला बाहेरच्या दिव्यांच्या कपलरवर पाणी फवारून बोलावता येतो. डॅशबोर्डवरच्या मीटरकडे बघायला कुणाला तरी सीटवर बसवा.

सगळे कपलर एकाच बैठकीत काढून क्लीनर मारायचा मोह मात्र आवरा. कपलर नुसता काढून बसवला तरी काँटॅक्ट घासला जातो, फॉल्ट तात्पुरता गायब होतो आणि नेमका कुठे होता ते कळत नाही. एका वेळी एकच जागा उघडा आणि वहीतल्या त्याच परिस्थितीत गाडी पुन्हा चालवून बघा. एवढं करूनही वायरमनकडे जावं लागलं तर फॉल्ट तापल्यावरचा असल्यास गाडी गरम करून न्या, आणि इंजिन बंद करण्याआधी त्यांना वही दाखवा.