पुराच्या गाळाने घरातली पूररेषा कशी रंगवावी

ऑगस्ट २०२४च्या अखेरीस विश्वामित्री नदीने २५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली आणि वडोदऱ्यात, समा भागातल्या आमच्या तळमजल्यावर पाणी शिरलं. दिवाळीआधी रंगकाम झालं, भिंतीवरची मातकट रेघ गेली. मग वाद सुरू झाला. आई म्हणते गुडघाभर, बाबा म्हणतात कमरेएवढं. म्हणून कुंड्यांत उरलेल्या त्याच गाळाचा रंग करून खऱ्या उंचीची कापडी पट्टी रंगवली.

गाळ अंगणातला किंवा जिन्याखालचा घ्या. नदीकाठी अजिबात जाऊ नका, तिथे मगरी आहेत. पुरात गटाराचं पाणीही मिसळतं, तेव्हा रबरी हातमोजे हवेतच.

गाळ जुन्या बादलीत भरपूर पाण्यात ढवळा. मिनिटभरात रेती तळाशी बसते. वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओता आणि रात्रभर निवळू द्या. तळाचा साका वाळवा. मग अंगणातल्या शेगडीवर, स्वयंपाकातून बाद केलेल्या लोखंडी तव्यावर अर्धा तास भाजा. जंतू मरतात, काडीकचरा जळतो आणि मातीत लोह असेल तर ती तांबूस होत जाते. थोडा गाळ कमी, थोडा जास्त भाजला की एकाच अंगणाच्या दोन छटा मिळतात. मला हाच टप्पा सर्वांत आवडतो.

बाभळीचा डिंक एक चमचा, गरम पाणी दोन चमचे. रात्रभर भिजवून गाळून घ्या. त्यात माती थोडी थोडी घालून ओलीच घोटा, कोरडी कुटली तर धूळ नाकात जाते. वाळल्यावर बोटाला भुकटी लागली तर डिंक कमी पडला, तडे गेले तर जास्त झाला.

आता उंची. आमची रेघ पुसली होती, पण शेजारच्या काकूंच्या जिन्यावर शाबूत होती. गवंडी वापरतात ती पारदर्शक नळी, पाणसळ, आणा. एका टोकाचं पाणी त्या रेघेशी जुळवा. दुसऱ्या टोकाला, तुमच्या भिंतीपाशी, पाणी जिथे थांबेल तीच तुमच्या घरातली पातळी, तिथे खूण करा. लगतच्या घरांपुरतंच हे चालतं. आमच्याकडे जमिनीपासून ३ फूट २ इंच भरलं. बाबा बरोबर होते.

जुन्या सुती साडीची हातभर रुंद पट्टी कापा, खळ द्या, इस्त्री करा. खालची कड जमिनीला टेकेल अशी टांगा आणि त्या खुणेपर्यंत रंगवा. वरची कड आखू नका, ओल्या फडक्याने पुसट करा. कोपऱ्यात तारीख आणि पाणी शिरल्याची वेळ लिहा. उरलेला रंग शिंपल्यात वाळवून ठेवा. पाण्याचा थेंब पडला की पुन्हा चालतो.