एआय एजंट चुकीचं टूल निवडतो? वर्णनात केलेला बदल

लक्षण असं: एजंटकडे (स्वतः टूल्स चालवून काम करणारं एआय मॉडेल) 'सर्च_ऑर्डर्स' (ऑर्डर्स शोधणारं) आणि 'गेट_ऑर्डर' (एका ऑर्डरचा तपशील देणारं) ही दोन टूल्स, म्हणजे त्याला बोलावता येणारी फंक्शन्स. ऑर्डर क्रमांक दिला तरी तो सर्चच चालवायचा. तारीख ०५/०३/२०२५ अशी पाठवायचा आणि टूल पहिला आकडा महिना समजायचं, त्यामुळे मार्च मागितला की मेची यादी हजर. डोकं उठलं होतं.

सिस्टम प्रॉम्प्टमध्ये (मॉडेलला आधीच दिलेल्या सूचनांत) ठळक सूचना, टेम्परेचर (उत्तरातला यादृच्छिकपणा) शून्य, मोठं मॉडेल... काही फरक नाही. मग कारण लक्षात आलं. मॉडेलला टूलचा कोड दिसतच नाही. दिसतं ते नाव, वर्णन आणि पॅरामीटर्सचा जेसन स्कीमा (कोणती माहिती कोणत्या स्वरूपात द्यायची याचा आराखडा).

आधी 'गेट_ऑर्डर'चं वर्णन बदललं: "ऑर्डर क्रमांक माहीत असताना त्या एकाच ऑर्डरचा तपशील देते. क्रमांक नसेल तर सर्च_ऑर्डर्स वापरा." सर्चच्या वर्णनात याच्या उलट. (माझ्या मते खरं काम 'कधी वापरू नये' या वाक्यानेच केलं.) मग 'डेट'चं 'फ्रॉम_डेट' केलं आणि वर्णनात लिहिलं, "वर्ष-महिना-दिवस, उदा. २०२५-०३-०५". 'स्टेटस'ला मोकळ्या स्ट्रिंगऐवजी (कोणताही मजकूर) इनम (ठरलेल्या पर्यायांची यादी) दिला. शेवटी एररचा संदेश: नुसत्या ४०० ऐवजी ('विनंती चुकीची' एवढंच सांगणारा कोड) "तारीख २०२५-०३-०५ अशी द्या". आता एजंट तो संदेश वाचून स्वतःच दुरुस्त कॉल करतो.

टूल्स एमसीपी सर्व्हरवरून (एजंटला टूल्स पुरवणारा प्रोग्राम) येत असतील तर बदलानंतर तो पुन्हा जोडा. काही क्लायंट (एजंट चालवणारी ॲप्स) टूल्सची जुनीच यादी धरून बसतात.