लाकडाच्या भुशावर रासायनिक प्रक्रिया करताना या चुका टाळा

पॉलिप्रॉपिलिन या प्लास्टिकमध्ये ४० टक्के भुसा घालून काढलेली पट्टी मोडून पाहा. तुटलेल्या तोंडावर गुळगुळीत, उघडे तंतू आणि ते निसटून गेल्याची भोकं दिसली, तर प्लास्टिकने लाकूड धरलेलंच नाही. तंतूंवरच्या हायड्रॉक्सिल गटांना पाण्याची ओढ असते, पॉलिप्रॉपिलिनला ती अजिबात नसते. हे दोघं जुळावेत म्हणून प्रक्रिया करायची. ती फसली की लोक रसायन बदलतात. खोट मात्र बहुतेक वेळा धुण्यात आणि वाळवण्यात असते.

कॉस्टिक सोडा वाढवत नेणं

१०० ग्रॅम कोरड्या भुशाला ५ टक्क्यांचं २ लिटर द्रावण, खोलीच्या तापमानाला ३० ते ६० मिनिटं, एवढ्याने सुरुवात करा. मेण, तेलं आणि थोडं हेमिसेल्युलोज (लाकडातलं अल्कलीत विरघळणारं कर्बोदक) निघून पृष्ठभाग खरबरीत होतो, एवढंच हवं असतं. १५ टक्क्यांच्या द्रावणात रात्रभर ठेवलं, तर तंतूला बांधून ठेवणारा भागही विरघळतो आणि तंतू स्वतःच कमजोर होतो. प्रक्रियेआधीचं आणि नंतरचं कोरडं वजन लिहून ठेवा. एखाद्या घाण्यात घट अचानक वाढली, तर द्रावणाची तीव्रता किंवा वेळ चुकली आहे.

भांडं स्टेनलेस स्टीलचं किंवा जाड प्लास्टिकचं घ्या. ॲल्युमिनियमशी कॉस्टिकची क्रिया होऊन हायड्रोजन सुटतो. साध्या लोखंडाच्या पिंपात बाभळीसारखा टॅनिनयुक्त भुसा काळा पडतो. कॉस्टिक पाण्यात घालायचा, पाणी कॉस्टिकवर ओतायचं नाही. हातमोजे आणि चष्मा हवाच.

वरवर धुणं

सगळ्यात जास्त माल इथे बिघडतो. धुतलेल्या पाण्याचा पीएच ७ आला म्हणून भुसा स्वच्छ झाला असं नाही. तंतूच्या पोकळीत अल्कली अडकलेली असते. धुतलेला भुसा अर्धा तास डिस्टिल्ड पाण्यात भिजवून त्या पाण्याचा पीएच पाहा. तो पुन्हा ९-१० वर गेला, तर १ टक्का ॲसेटिक ॲसिडच्या पाण्यातून काढून परत साध्या पाण्याने धुवा. उरलेली अल्कली पुढे कपलिंग एजंटमधले, म्हणजे लाकूड आणि प्लास्टिक जोडणाऱ्या रसायनातले, मॅलेइक ॲनहायड्राइडचे गट खाऊन टाकते, म्हणजे ते महागडं रसायन घालूनही पकड येत नाही. पीएलए (पॉलिलॅक्टिक ॲसिड) या जैवप्लास्टिकमध्ये तर ती पॉलिमरची साखळीच तोडते.

सायलेन तयार करून ठेवणं

सायलेन हे तंतू आणि प्लास्टिक जोडणारं सिलिकॉनयुक्त रसायन. भुशाच्या वजनाच्या १ ते २ टक्के पुरतं. व्हिनाइल सायलेनसाठी ९० भाग इथेनॉल आणि १० भाग पाणी घ्या, ॲसेटिक ॲसिडने पीएच ४.५ ते ५ वर आणा, सायलेन घालून तासभर ढवळा आणि लगेच वापरा. जास्त वेळ ठेवलं की सायलेनचे रेणू एकमेकांनाच चिकटतात. द्रावण दुधाळ दिसलं तर फेकून द्या. अमिनो सायलेनची पाण्याशी क्रिया आपोआप होते, त्यात ॲसिड घालायची गरज नसते. भिजवलेला भुसा आधी उघड्यावर वाळवा, कारण इथेनॉलची वाफ ओव्हनमध्ये पेट घेऊ शकते. मग ११० अंश सेल्सिअसवर २ तास ठेवा. ही उष्णता चुकवली, तर सायलेन तंतूशी पक्कं जोडलं जात नाही.

चुकीची जोडी

कपलिंग एजंट प्लास्टिकच्या जातीचाच हवा: पॉलिप्रॉपिलिनसाठी मॅलेटेड (मॅलेइक ॲनहायड्राइड जोडलेलं) पॉलिप्रॉपिलिन, एचडीपीईसाठी (जास्त घनतेच्या पॉलिइथिलीनसाठी) मॅलेटेड पॉलिइथिलीन. प्रमाण भुशाच्या ३ ते ५ टक्के, म्हणजे ४० ग्रॅम भुशाला २ ग्रॅमपर्यंत. त्याच मिश्रणात वंगण म्हणून झिंक स्टिअरेट घालू नका. ते कपलिंगच्या आड येतं.

ओला भुसा, तापलेलं बॅरल

ट्रेमध्ये २ सेंटिमीटरपेक्षा जाड थर नको. १०५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवा आणि ओलावा १ टक्क्याच्या खाली आणा. पावसाळ्यात, विशेषतः कोकणपट्टीत, उघडा ठेवलेला भुसा पुन्हा दमट होतो, म्हणून थेट बंद पिशवीत भरा. पट्टीत बुडबुडे दिसले तर आधी ओलावा तपासा. रंग करपट आणि वास जळका असेल तर बॅरलचं (प्लास्टिक वितळवणाऱ्या नळीचं) तापमान पाहा: १८० ते १९० अंश पुरे, २०० च्या वर लाकूड करपू लागतं.

प्रत्येक वेळी प्रक्रिया न केलेल्या पण तितक्याच वाळवलेल्या भुशाची पट्टीही काढा. नाहीतर वाढलेली ताकद रसायनाची की नुसत्या वाळवण्याची, हे कळणार नाही. ताण सोसण्याची ताकद वाढली पण आघात सोसण्याची घटली, तर लगेच प्रक्रिया फसली असं समजू नका: पकड घट्ट झाली की तंतू निसटण्याऐवजी तुटतात, आणि निसटताना खर्च होणारी ऊर्जा कमी होते.